सांडलेल्या दौतीची कैफियत

मी एक जुना अंक आहे. स्पेन देशातल्या एका विनोदी साप्ताहिकाचा अंक. सध्या माझा मुक्काम कतारमध्ये, अल खोरच्या एका कंपनी क्वार्टरमध्ये आहे. मित्रांनो, तुम्ही आजवर फाटक्या छत्रीचे, बंद पडलेल्या घड्याळाचे, म्हाताऱ्या बैलाचे मनोगत वाचले असेल. ती मंडळी फार सोशिक असतात. सगळे सोसून शेवटी आशीर्वाद देतात. मी तसा नाही. मी वैतागलेला आहे आणि का वैतागलो आहे, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म बार्सिलोना शहरातला, एकोणीसशे शहात्तर सालचा. एका तळघरातल्या छापखान्यात मला छापले, घड्या घातल्या आणि पोटात दोन पिना ठोकल्या. कागद इतका स्वस्तातला की शाई एका बाजूची दुसऱ्या बाजूला डोकावायची. आमच्या साप्ताहिकाचे नाव ‘एल तिंतेरो वोल्कादो’. तुमच्या भाषेत सांगायचे तर ‘सांडलेली दौत’. नाव अगदी योग्य होते, कारण छापखान्यात शाई खरोखरच सगळीकडे सांडलेली असायची.

माझे मुखपृष्ठ काढले होते फेर्मिन नावाच्या चित्रकाराने. हा दिवसा साबणाच्या वेष्टनांवर फुले काढायचा आणि संध्याकाळी आमच्यासाठी चित्रे. चित्रात न्हाव्याचे दुकान होते. खुर्चीत एक गिऱ्हाईक बसलेले, केस खांद्यापर्यंत वाढलेले, हातात उघडे वर्तमानपत्र. आणि न्हावी काय करत होता? केसांना हातही न लावता तो ते वर्तमानपत्रच कराकरा कातरत होता. चित्र एवढेच.

तेव्हा तिथला हुकूमशहा मरून काही महिने झाले होते, पण त्याच्या माणसांच्या हातातली कात्री अजून खाली ठेवलेली नव्हती. त्यात फेर्मिनने न्हाव्याचे नाक एका मंत्र्याच्या नाकासारखे काढले. ज्या सकाळी आम्ही विक्रीला गेलो, त्याच सकाळी पोलिसांनी आमचे गठ्ठेच्या गठ्ठे उचलले. माझ्याबरोबर छापलेले बहुतेक भाऊ त्या दिवशी लगद्यात गेले. मी वाचलो, कारण आदल्या संध्याकाळी फेर्मिनने मला कोटाच्या आत घालून घरी नेले होते.

मित्रांनो, त्या काळातले स्पेनमधले मासिकांचे दुकान तुम्ही पाहायला हवे होते. पदपथावर हिरवी लोखंडी टपरी. ती अंकांनी इतकी मढलेली असायची की आत बसलेल्या बाईचा फक्त हात दिसायचा. आमचे राजकारणाचे आणि टवाळीचे अंक एका बाजूला. दुसऱ्या बाजूला राजघराण्यातली लग्ने आणि नट्यांचे घटस्फोट छापणारे गुळगुळीत अंक. मध्ये मुलांची चित्रकथांची मासिके, बैलांच्या झुंजींची मासिके, फुटबॉलची, शब्दकोड्यांची. बायकांच्या शिवणकामाच्या मासिकात घडी घातलेला मोठा कागद असायचा आणि त्यावर झगा बेतायचे आराखडे. ही परंपरा आमच्याही आधीची. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी लाकडाच्या ठोकळ्यांवर चित्रे कोरून मासिके छापायचे, तेव्हापासून तिथले लोक एका हाताने फॅशन आणि दुसऱ्या हाताने सरकारची खिल्ली विकत घेत आले.

मग स्वातंत्र्य आले. आता हवे ते छापा, कोणी विचारणार नाही. आम्हाला वाटले, आता आपले दिवस आले. झाले भलतेच. कात्री गेली तशी लोकांची उत्सुकताही गेली. ज्या टपरीवर लोक आमच्यासाठी सकाळी रांग लावायचे, तिथे आम्ही दुपारपर्यंत उन्हात पिवळे पडू लागलो. काही वर्षांतच ‘दौत’ बंद झाली. पोलिसांना जे जमले नाही, ते वाचकांनी करून दाखवले. आजही हे आठवले की माझ्या पिना गरम होतात.

फेर्मिन फार जगला नाही. त्याच्या सामानातले एक खोके त्याच्या धाकट्या बहिणीकडे, रेमेदिओसकडे आले. त्यात मी होतो आणि आमच्या जातीचे आणखी नमुने होते. एक शंभरीपलीकडची फॅशनची म्हातारी होती, तिची रंगीत चित्रे अजून टवटवीत. एक राजघराण्याच्या लग्नाचा गुळगुळीत अंक होता, त्याला वाटायचे आपणच नवरदेव. एक अर्धवट सोडवलेले शब्दकोडे होते, ते सतत अडून बसलेले. अशा संगतीत मी वर्षानुवर्षे काढली.

रेमेदिओसच्या नवऱ्याला कतारमधल्या रास लफानच्या गॅस प्रकल्पात नोकरी मिळाली आणि आमचे खोके समुद्र ओलांडून वाळवंटात आले. तिथेच तिला आसावरी भेटली.

आसावरी मूळची पुण्याची. तिथे ती एका क्लासमध्ये स्पॅनिश शिकवायची. नवरा प्रताप गॅस प्रकल्पात इंजिनिअर झाला, ती त्याच्यामागे अल खोरला आली, आणि तिचे स्पॅनिश माळ्यावर गेले. एकदा सुपरमार्केटमध्ये छोल्यांच्या पाकिटांपुढे एक गोरी बाई स्वतःशीच स्पॅनिशमध्ये पुटपुटत उभी होती. आसावरीने तिला स्पॅनिशमध्येच सांगितले, “हे रात्रभर भिजवावे लागतात, डब्यातले घेतलेत तर लगेच होतील.” रेमेदिओसने वळून पाहिले आणि तिचा हातच धरला. त्या दिवसापासून दोघी दर शुक्रवारी एकत्र बसू लागल्या. रेमेदिओस खोक्यातला एखादा अंक उघडायची, आसावरी मोठ्याने वाचायची, अडली की रेमेदिओस सांगायची. माझ्या आयुष्यातले ते शेवटचे चांगले शुक्रवार. पण खोक्यात माझा नंबर तळाशी होता. तो यायच्या आत रेमेदिओसचा नवरा निवृत्त झाला.

विमानात सामान किती न्यायचे याला मर्यादा. रेमेदिओसने खोके आसावरीच्या हाती दिले. म्हणाली, “वाच, आसा. माझ्यासोबत वाचायचे राहिले ते तू वाच.”

आता माझ्या वैतागाचे खरे कारण ऐका. आसावरीने आम्हाला वाचले नाही. तिने आम्हाला जपले.

तिने प्रत्येकाला झिपच्या पारदर्शक पिशवीत घातले. ओल लागू नये म्हणून आत त्या छोट्या पांढऱ्या पुड्या टाकल्या. मग आम्हाला बेडरूमच्या कपाटावर, एसीच्या तोंडाशी ठेवले. घरी कोणी आले की ती बोटाने दाखवायची, “हे स्पेनचे जुने मॅगझिन्स, फार दुर्मीळ आहेत.” पाहुणे मान वर करून पाहायचे आणि पुन्हा साबुदाणा वड्याकडे वळायचे. वर्षामागून वर्ष हेच. उघडायचे कोणी? पान फाटेल ना. शाई उडेल ना. अहो, मी स्वस्त कागदाचा, टवाळखोर, चार आणे किमतीचा अंक, टपरीवर उभ्या उभ्या हसून वाचायचा. आणि ही मला देवघरातल्या पोथीसारखे झाकून ठेवते.

प्रतापचे वेगळेच. दर शिफ्टिंगला तो म्हणायचा, “पुण्यात असतो तर रद्दीवाल्याने कधीच नेले असते. या देशात रद्दीवालाच नाही, काय करणार?” इतक्या वर्षांत माझ्याविषयी सर्वांत स्पष्ट मत त्याचेच होते.

मग या हिवाळ्यात रेमेदिओसचा फोन आला. बार्सिलोनातल्या एका ग्रंथालयात जप्त झालेल्या मासिकांचे प्रदर्शन भरणार होते. त्यांना फेर्मिनचा तो न्हावी हवा होता. त्यांच्याकडे प्रत नव्हती.

“तुझ्याकडे आहे ना ग तो अंक?” रेमेदिओसचा आवाज जरा थकलेला होता. “फेर्मिनचे नाव एकदा तरी भिंतीवर लागेल. मी तेवढ्यासाठी थांबले आहे असे समज.”

“आहे. अगदी जसाच्या तसा आहे,” आसावरी म्हणाली. “प्रतापच्या ऑफिसमधले हारिस पुढच्या आठवड्यात ट्रेनिंगला बार्सिलोनालाच चाललेत. त्यांच्या हातात देते.”

तिने फोन ठेवला, स्टूल ओढले आणि माझी पिशवी खाली काढली.

मी जसाच्या तसा नव्हतो. पंधरवड्यापूर्वीच तिच्या मुलाने, सहावीतल्या अनयने, मला गुपचूप खाली काढले होते. शाळेत इंटरनॅशनल डे होता आणि त्याच्या वाट्याला स्पेन आला होता. त्याने बोथट कात्रीने माझा न्हावी, खुर्ची आणि गिऱ्हाईक असे गोलाकार कापून घेतले, मला पुन्हा पिशवीत घातले, पुडीसुद्धा परत आत ठेवली आणि झिप नीट लावली. जप्तीतून वाचलेले माझे तोंड एका ग्लू स्टिकने संपवले.

आसावरीने मला हातात धरले तेव्हा मुखपृष्ठावरच्या भोकातून तिला माझे तिसरे पान दिसले. ती पलंगावर बसली.

“अनय,” तिने हाक मारली. “हे कोणी कापलं?”

अनयने नाटक केले नाही. “मी. फॉर द चार्ट. गूगलवर सगळ्यांना सेम पिक्चर्स मिळत होते, मम्मा. धिस वॉज डिफरंट.”

“मला विचारायचंस तरी.”

“यू वुड हॅव सेड नो.”

“हो, नाहीच म्हणाले असते. तुला माहीत आहे हे काय आहे?”

“ओल्ड पेपर,” तो हळूच म्हणाला. मग धीर करून म्हणाला, “यू नेव्हर रीड इट. यू जस्ट कीप इट देअर.”

आसावरीचा हात उठता उठता राहिला. मित्रांनो, मी कापला गेलो होतो, माझा राग रास्त होता. पण त्या घरात इतक्या वर्षांनी माझ्या मनातले कोणीतरी मोठ्याने बोलले होते, आणि तो बोलणारा नेमका हा कात्रीवाला असावा, याचाही मला वैताग आला.

इकडे आठवडा रविवारी सुरू होतो. रविवारी शाळा उघडल्यावर आसावरी मला घेऊन अनयच्या वर्गशिक्षिकेला, बिलकिस मिसना भेटायला गेली. मिस फार प्रेमळ. त्यांनी स्टोअररूम उघडली आणि हसत म्हणाल्या, “अनय का चार्ट तो सबसे अच्छा था मॅम. मैंने स्पेशली लॅमिनेट करवाया, ताकि खराब न हो.”

लॅमिनेट. आता बोला.

चार्टवर वरती मोठ्या अक्षरांत ‘स्पेन’ लिहिले होते. एका कोपऱ्यात बैल, एका कोपऱ्यात टोमॅटो, आणि मध्यभागी चकचकीत प्लास्टिकखाली माझा न्हावी. ज्या न्हाव्यापायी पोलिसांनी गाड्या भरून अंक नेले, त्याच्याखाली अनयने सुवाच्य इंग्रजीत लिहिले होते, ‘स्पेनमधील पारंपरिक केस कापण्याची पद्धत’. मी डोके कुठे आपटणार? डोके तर त्या चार्टवर होते.

घरी आणल्यावर आसावरीने प्लास्टिकचा कोपरा हलकेच उचलून पाहिला. प्रताप म्हणाला, “हेअर ड्रायर लाव, गरम झाले की सुटेल.” तो कामावरून आला होता, बूटही काढले नव्हते, तरी चार्ट धरून उभा राहिला. पण प्लास्टिक सुटेना, आणि जिथे सुटले तिथे माझ्या कागदाचा पापुद्राच वर येऊ लागला. “राहू दे,” आसावरी म्हणाली. “याहून जास्त नको.”

पुढचा अख्खा दिवस तिने फोन केला नाही. स्वयंपाक केला, कपड्यांच्या घड्या घातल्या, फोन हातात घेतला, परत ठेवला. शेवटी त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल लावला आणि सुरुवातीलाच सगळे सांगून टाकले. कापले कोणी, चिकटवले कशाने, प्लास्टिक कसे लागले, काही लपवले नाही. “मी सांभाळायला घेतलं होतं, दोन्या रेमे,” ती नेहमीच्या आदराच्या स्पॅनिश हाकेने म्हणाली. “आणि मी एकदा उघडूनसुद्धा पाहिलं नाही.”

“दाखव,” रेमेदिओस पलीकडून म्हणाली.

आसावरीने चार्ट कॅमेऱ्यापुढे धरला. रेमेदिओसने चष्मा चढवला. “खाली काय लिहिलंय ग?” आसावरीने ओशाळून अनयची ओळ स्पॅनिशमध्ये सांगितली. रेमेदिओसचे खांदे हलायला लागले. मला वाटले रडते आहे. ती हसत होती. “पारंपरिक पद्धत,” ती म्हणाली. “खरंच आहे की. आमच्याकडे किती वर्षं असेच केस कापले.”

मग ती हसता हसता थांबली. “आणि मागची बाजू? न्हाव्याच्या पाठीमागे दुसऱ्या पानावर फेर्मिनचा छोटा मजकूर होता. त्यात त्याने माझ्याविषयी लिहिलं होतं. तो आहे का?”

मागची बाजू चार्टला चिकटलेली होती. गोंदाने शाई खाल्ली होती. आसावरीने नकारार्थी मान हलवली.

“असू दे,” रेमेदिओस म्हणाली. “मला पाठ आहे. लिहून घे.”

आसावरीने कागद घेतला. रेमेदिओस सावकाश सांगू लागली. “माझी धाकटी बहीण विचारते, तुला पोलिसांनी नेले तर रे? मी तिला म्हणालो, नेतील, पण जेवण झाल्यावर. आज आईने मासे तळले आहेत. ते टाकून मी कोणत्याही सरकारबरोबर जाणार नाही.”

मित्रांनो, आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो, जी मी तिथे ओरडून सांगायला निघालो होतो. माझ्या दुसऱ्या पानावर हे नव्हते. तिथे फेर्मिनने कागद महागल्याची तक्रार केली होती आणि शाई पसरल्याबद्दल वाचकांची माफी मागितली होती. जागा भरायला खरडलेल्या चार ओळी. बहिणीचा उल्लेखही नव्हता. मासळीचा तर नव्हताच. पन्नास वर्षे मी माझा मजकूर अक्षर न् अक्षर धरून बसलो, आणि ही बाई खुशाल भलतेच सांगते, आणि दुसरी ते लिहून घेते. माझा नुसता संताप झाला.

पण मग मला ते स्वयंपाकघर आठवले. फेर्मिनने मला कोटातून काढून टेबलावर ठेवले होते. कढईत मासे तडतडत होते. एक विशीतली मुलगी ताटल्या पुसत होती. तिने हा प्रश्न विचारला होता आणि त्याने हेच उत्तर दिले होते. ती हसली नव्हती. ताटली पुसतच राहिली होती, पुसून झाल्यावरही. दुसऱ्या दिवशी त्याला चौकशीला नेले, चार दिवसांनी सोडले, पण तो पहिल्यासारखा परत आला नाही. ते वाक्य ती इतकी वर्षे जवळ बाळगून होती आणि तिला वाटत होते की ते छापलेले आहे.

“वाच पाहू एकदा,” रेमेदिओस म्हणाली.

आसावरीने मोठ्याने वाचले. आणि त्या संध्याकाळी जे हसू आले नव्हते, ते रेमेदिओसला आता आले. ‘कोणत्याही सरकारबरोबर’ या शब्दांशी ती डोळे पुसत म्हणाली, “असा होता तो.”

मी ओरडायचा बेत सोडला. खरे सांगू? हा मजकूर माझ्या मजकुरापेक्षा बरा होता.

मग रेमेदिओसनेच सगळे ठरवून टाकले. न्हावी प्लास्टिकसकट, अनयच्या ओळीसकट कापून ग्रंथालयाला पाठवायचा. आसावरी म्हणाली, “ते घेतील का असा?” रेमेदिओस म्हणाली, “मी त्यांना सांगते, हा अंक दोनदा कात्रीत सापडला, दोन्ही वेळच्या खुणा पाहिजेत. आणि उरलेला अंक इकडे पाठवू नकोस. काचेत ठेवून एकच पान दाखवतील. तू मुलाला घेऊन वाच. यल्ला, चल आता,” असा अल खोरमध्ये शिकलेला अरबी शब्द वापरून तिने फोन ठेवला.

हारिस चार्टचा तुकडा दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून घेऊन गेले. प्रदर्शन उघडले. भिंतीवर फेर्मिनचे नाव लागले. त्याखाली उभ्या असलेल्या रेमेदिओसचा फोटो प्रतापने सगळ्या नातेवाइकांना पाठवला, ज्यांना त्यातले काही कळले नाही.

म्हणजे आता मी दोन देशांत आहे आणि दोन्हीकडे अपुरा आहे. तिकडे माझ्या तोंडावर प्लास्टिक, त्यावर काच आणि शेजारी हात लावू नये अशी पाटी. इकडे आसावरीने माझ्या भोकावर तिच्या अक्षरातला तो मजकूर चिकटवला आहे, वर स्पॅनिश, खाली मराठी. झिपच्या पिशव्या सगळ्यांच्याच गेल्या. फॅशनची म्हातारी कॉफी टेबलवर पडलेली असते. गुळगुळीत नवरदेवावर परवा चहाचा कप ठेवला होता, गोल डाग पडला. शब्दकोडे प्रताप पेन्सिलीने सोडवायला बघतो, त्याला स्पॅनिश येत नसतानाही.

शुक्रवारी दुपारी आसावरी आणि अनय मला घेऊन बसतात. अनय स्पॅनिश अक्षरे इंग्रजीसारखी वाचतो, त्यामुळे माझ्या एकेका विनोदाचा चुराडा होतो. आसावरी मराठीत अर्थ सांगते, तो इंग्रजीत विचारतो, “बट व्हाय इज दॅट फनी?” मग तिला हुकूमशहापासून सुरुवात करावी लागते. एक पान व्हायला अर्धी दुपार जाते. हा वेग पाहता मी संपेपर्यंत मुलगा कॉलेजात जाईल.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुठेतरी वरच्या फळीवर आमच्यापैकी कोणी असेल. दिवाळी अंक असेल, आजोबांनी बांधून घेतलेली मासिके असतील. त्यांच्यावरची धूळ झटकून त्यांना पुन्हा तिथेच ठेवू नका. तेवढ्याने आमचे काही भले होत नाही. कात्री मात्र लांब ठेवा, हे मी हात जोडून सांगतो. पण खाली काढा, मांडीवर घ्या, उघडा. अडखळत वाचा, चुकीचे वाचा. कोपरा दुमडला तर दुमडू द्या. आम्हाला फाटण्याची भीती नाही, आम्ही त्यासाठीच छापले गेलो होतो.

आज पुन्हा शुक्रवार आहे. अनयने माझे पाचवे पान उलटले आहे. त्याच्या बोटाला जॅम लागला आहे, मला तो स्पष्ट दिसतो आहे.

मी काही बोलत नाही.